‘कपहेड’मधील दुष्करता आणि ऋणाचा प्रश्न

१

‘दुर्बोधता’ हा मराठी समीक्षेचा जुना वादविषय आहे. मर्ढेकरांच्या ‘काही कविता’ (१९४७) या संग्रहानंतर नवकाव्यावर जे आक्षेप घेतले गेले, त्यांत कविता कळत नाही हा आक्षेप अग्रभागी होता. कवितेतील काठिण्य अनुभवाच्या गुंतागुंतीतून अपरिहार्यपणे येते, की वाचकाला दूर ठेवण्यासाठी कवी ते लादतो, हा प्रश्न त्या वादातून आकाराला आला. जॉर्ज स्टायनर यांनी ‘ऑन डिफिकल्टी’ या निबंधात काठिण्याचे चार प्रकार कल्पिले आहेत: संदर्भ ठाऊक नसल्यामुळे येणारे, कवितेच्या भाववृत्तीशी वाचक जुळू न शकल्यामुळे येणारे, कवीने हेतुपुरस्सर योजलेले आणि कवी व वाचक यांच्यातील मूलभूत करारालाच हात घालणारे. या चारही प्रकारांत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. वाचकाला पुढचे पान उलटता येते. एक कविता कळली नाही म्हणून संग्रहाची उरलेली पाने त्याच्यासाठी बंद होत नाहीत.

व्हिडिओ गेममध्ये तसे नसते. तेथे पुढचे पान उलटण्याचा अधिकार कमवावा लागतो. जे जमले नाही त्याच्या पलीकडचा मजकूर अस्तित्वात असूनही दिसत नाही. एस्पेन ऑर्सेथ यांनी ‘सायबरटेक्स्ट’ (१९९७) या ग्रंथात ज्या संहितांना ‘अर्गोडिक’ म्हटले, म्हणजे ज्यांतून वाट काढण्यासाठी डोळे फिरवणे आणि पाने उलटणे यांहून अधिक श्रम वाचकाला करावे लागतात, त्यांचे हे टोकाचे रूप होय. या काठिण्याला दुर्बोधता म्हणणे सयुक्तिक नाही. काय करायचे ते येथे बहुधा पहिल्या मिनिटातच कळते; कळूनही ते हातून होत नाही. म्हणून येथे ‘दुष्करता’ हा शब्द योजला आहे. दुष्करता ही कलाकृतीच्या अर्थाचा भाग होऊ शकते का, आणि होत असेल तर ती कलाकृती स्वतः कोणत्या कसोटीला उतरली पाहिजे, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे. त्यासाठी ‘कपहेड’ हा खेळ निवडण्याचे कारण असे की त्याची कथा, त्याची खेळण्याची रीत आणि त्याची चित्रशैली या तिन्ही ठिकाणी एकच कल्पना निरनिराळ्या रूपांत वावरते. ती कल्पना ऋणाची आहे.

२

‘कपहेड’ २९ सप्टेंबर २०१७ रोजी विंडोज आणि एक्सबॉक्स वन या मंचांवर प्रकाशित झाला. चॅड आणि जॅरेड मोल्डनहॉअर हे त्याचे निर्माते कॅनडाच्या सस्कॅचवान प्रांतातील रेजायना या शहराचे. ‘स्टुडिओ एमडीएचआर’ ही त्यांची छोटी, स्वतंत्र संस्था. खेळ पुरा करण्यासाठी दोघा भावांनी नोकऱ्या सोडल्या आणि घरे पुन्हा गहाण ठेवली. गहाण पडलेल्या आत्म्यांची गोष्ट सांगणाऱ्या निर्मात्यांची घरेही गहाण असावीत, हा योगायोग दुर्लक्षिण्याजोगा नाही. पहिल्या दोन आठवड्यांतच खेळाच्या दहा लाख प्रती खपल्या, त्यामुळे हे गहाण सुटले असावे असे मानण्यास हरकत नाही. कथेतील गहाण सुटण्यास मात्र खेळाडूला बरेच अधिक कष्ट पडतात.

कथा लोककथेइतकी साधी आहे. कपहेड आणि मगमन या दोन भावांची डोकी पेल्याची आहेत. सैतानाच्या जुगारखान्यात ते फासे टाकू लागतात व जिंकत सुटतात. तेव्हा सैतान स्वतः येऊन पण वाढवतो: आणखी एक डाव जिंकलात तर जुगारखान्यातली सगळी दौलत तुमची, हरलात तर दोघांचे आत्मे माझे. कपहेड विचार न करता फासे टाकतो आणि हरतो. गयावया केल्यावर सैतान एक सवलत देतो. त्याचे जे ऋणको करार मोडून पळाले आहेत, त्यांच्या आत्म्यांची करारपत्रे भावांनी वसूल करून आणावीत, म्हणजे त्यांना सोडण्याचा विचार होईल. एल्डर केटल हा वृद्ध पालक त्यांना एक अर्क पाजतो आणि त्यांच्या हातमोजे घातलेल्या बोटांतून गोळ्या सुटू लागतात. पुढचा सारा खेळ म्हणजे ही वसुली होय. नायक स्वतः ऋणको असून इतर ऋणकोंविरुद्ध सावकाराचा हस्तक बनतो. फाउस्टच्या परंपरेत आत्मा विकणारे पुष्कळ आहेत. विकलेला आत्मा सोडवण्यासाठी दुसऱ्यांचे आत्मे गोळा करणारा नायक हा या परंपरेला दिलेला बराच कडवट फाटा आहे. खेळाच्या गोंडस चित्रांमुळे तो सहसा कोणाच्या लक्षात येत नाही.

प्रत्येक ऋणको हा एक प्रतिस्पर्धी, खेळाडूंच्या भाषेत ‘बॉस’ आहे. खेळाडूजवळ सामान्यतः तीन आघात सोसण्याइतके प्राण असतात; चौथ्याची वाट पाहावी लागत नाही, तिसऱ्यातच सारे संपते. यशस्वी लढत दोनेक मिनिटांची, पण त्या दोन मिनिटांत प्रतिस्पर्धी तीन-चार वेळा रूप बदलतो. उदाहरणार्थ रिबी आणि क्रोक्स हे दोन मुष्टियोद्धे बेडूक शेवटी एकत्र येऊन जुगाराचे यंत्र बनतात आणि खेळाडूला त्या यंत्राचा दांडा ओढावा लागतो. जुगारखान्याचे ऋणको स्वतःच जुगाराचे साधन होऊन बसतात. लढत चालू असताना प्रतिस्पर्ध्याची किती शक्ती उरली आहे हे कोठेही दिसत नाही. ते दिसते मृत्यूनंतर. पडद्यावर प्रतिस्पर्ध्याचे चित्र येते, त्याचा एखादा टोमणा येतो आणि खाली एका आडव्या रेषेवर कपहेडची चिमुकली आकृती धावत जाऊन थांबते. शेवट किती जवळ होता हे त्या थांबण्याच्या जागेवरून कळते. पुष्कळदा तो दोन बोटांवर असतो.

ही रेषा या खेळाच्या रूपाची किल्ली आहे. मृत्यू येथे शिक्षा म्हणून येतो, त्याचबरोबर नकाशाही तोच देतो. ज्ञान पराभवानंतरच हाती येते आणि ते पुढच्या खेपेलाच उपयोगी पडते. येस्पर यूल यांनी ‘द आर्ट ऑफ फेल्युअर’ (२०१३) या पुस्तकात अपयशाच्या विरोधाभासाची तुलना शोकात्मिकेच्या विरोधाभासाशी केली आहे. माणूस एरवी अपयश टाळतो, तरी जेथे अपयश निश्चित आहे असे खेळ आपणहून शोधतो. परंतु शोकात्मिकेचा प्रेक्षक दुसऱ्याचा नाश पाहतो. ‘कपहेड’च्या खेळाडूला स्वतःचीच चूक पुन्हापुन्हा पाहावी लागते आणि ती नियतीवर ढकलता येत नाही. गोळी कोठून येणार होती हे त्याला ठाऊक असते.

३

या दुष्करतेचा उगम आर्थिक आहे, हे तिच्या सौंदर्याची चर्चा करताना विसरले जाते. धावता धावता गोळीबार करण्याच्या ज्या खेळप्रकारात ‘कपहेड’ मोडतो, तो नाण्यावर चालणाऱ्या यंत्रांच्या दालनांत वाढला. जपानच्या कोनामी कंपनीचा ‘कॉन्ट्रा’ (१९८७) मुळात अशाच यंत्रासाठी तयार झाला होता. खेळाडू लवकर मेला तर यंत्रात दुसरे नाणे पडते; म्हणून मृत्यूची वारंवारता हा धंद्याचा हिशेब होता. (भारतीय शहरांत हा खेळ १९९०च्या दशकात पोचला तो मुख्यतः नकली कन्सोलच्या कॅसेटांतून. नाण्याशी त्याचा संबंध येथे बहुतेकांना माहीतच नव्हता. काठिण्य तेवढे आले, त्याचे कारण आले नाही.) ‘कपहेड’मध्ये पुन्हा प्रयत्न करण्यास काहीच पडत नाही. नाणी आहेत, पण ती दुकानातून नवी शस्त्रे घेण्यासाठी. त्यांनी आयुष्य विकत मिळत नाही. मूळ कारण गळून पडल्यावरही काठिण्य टिकले आणि आता ते शैलीचे लक्षण झाले. किंमत पैशाऐवजी वेळात आणि शरीराच्या सवयीत मोजली जाऊ लागली.

एखादा साहित्यप्रकार त्याला जन्म देणारी व्यवस्था नाहीशी झाल्यावरही आपले घाट सांभाळतो, हे तौलनिक अभ्यासकांना परिचित आहे. क्रमशः प्रसिद्ध होणाऱ्या कादंबरीतील प्रकरणाअखेरचा पेच पुस्तकरूपातही उरतो. तेव्हा काठिण्याचे मूळ व्यापारी आहे एवढ्यावरून ते कलादृष्ट्या अवैध ठरत नाही. प्रश्न एवढाच की नव्या जागी ते काय काम करते.

‘कपहेड’मध्ये ते जे काम करते त्यातील एक भाग विशेष विचारात घेण्याजोगा आहे. खेळात ‘सिंपल’ आणि ‘रेग्युलर’ अशा दोन पातळ्या आरंभापासून उपलब्ध असतात. सोप्या पातळीवर प्रतिस्पर्ध्याची काही रूपे गाळलेली असतात, आणि तेथे विजय मिळाला तरी करारपत्र मिळत नाही. सर्व करारपत्रे हाती नसतील तर जुगारखान्यातील अंतिम अंकात प्रवेश नाही. म्हणजे सोपी पातळी ही संक्षिप्त आवृत्ती आहे आणि तिच्यातून शेवटची प्रकरणे काढून टाकलेली आहेत. सावकाराच्या भाषेत सांगायचे तर हप्ता भरला, पण तो मुद्दलात धरला गेला नाही. कथेशी हे तंतोतंत जुळते. सैतान सवलतीत काही सोडणार नाहीच. रूप आणि आशय यांची इतकी घट्ट वीण व्हिडिओ गेममध्ये विरळाच आढळते आणि ‘कपहेड’च्या बाजूने देता येणारा हा सर्वांत बळकट पुरावा आहे.

त्याच्या विरुद्धचा पुरावाही येथेच आहे. स्टायनर यांच्या पहिल्या प्रकारातील काठिण्यावर शब्दकोश हा उपाय असतो. दुष्करतेला शब्दकोश नाही. ज्याची बोटे वयामुळे वा व्याधीमुळे त्या वेगाने चालत नाहीत, त्याच्यापुढे हा खेळ केवळ कठीण नसतो, बंद असतो. २०१७ मध्ये, प्रकाशनापूर्वी, एका अमेरिकी पत्रकाराची आरंभीच्या पाठातच अडखळतानाची चित्रफीत प्रसृत झाली आणि तिच्यावरून मोठे वादळ उठले. ज्याला खेळता येत नाही त्याने खेळाविषयी लिहावे काय, असा सूर त्यात होता. नवकाव्याच्या वादात ‘रसिकाची पात्रता’ काढली जात असे, त्याची ही नवी आणि बरीच ओंगळ आवृत्ती म्हणता येईल. कॅनडातच घडलेल्या ‘सेलेस्ट’ (२०१८) या तितक्याच दुष्कर खेळाने साहाय्याची सोय ठेवली, आणि तिच्या आधाराने खेळणाऱ्यासही शेवट पाहू दिला. त्यामुळे त्या खेळाच्या काठिण्याची प्रतिष्ठा उणावली नाही. ‘कपहेड’चा अडसर त्याच्या कथेने समर्थित होतो, परंतु कथेने समर्थित झालेली गोष्ट न्याय्यही असतेच असे नाही. सैतानाच्या अटी अखेर सैतानाच्याच आहेत.

४

रॉजे काय्वा यांनी ‘ले जो ए लेझ ऑम’ (१९५८) या ग्रंथात खेळांचे चार वर्ग केले: स्पर्धा, दैव, सोंग आणि भोवळ. ‘कपहेड’ची कथा दैवाच्या खेळाने, म्हणजे फाशांनी सुरू होते आणि तिचे निराकरण स्पर्धेने होते. सैतानाचा उजवा हात असलेल्या किंग डाइसच्या लढतीत हे दोन वर्ग समोरासमोर येतात. तेथे एक पट मांडलेला असतो. त्यावर नऊ घरांत नऊ दुय्यम प्रतिस्पर्धी बसलेले असतात आणि शेवटच्या घराच्या अलीकडे एक घर असे असते की तेथे पडल्यास पुन्हा आरंभापासून यावे लागते. किती घरे पुढे सरकायचे हे फासा ठरवतो. मात्र हा फासा टाकायचा नसतो. गुलाबी रंगाने चमकणाऱ्या त्या फाशावर नेमक्या क्षणी उडी मारून आघात करायचा असतो. फाशावरचे एक, दोन आणि तीन हे अंक ठरलेल्या लयीत बदलत राहतात. लय ओळखणाऱ्याला हवा तो अंक पाडता येतो. ज्या फाशांनी भावांना बुडवले, त्यांचे दैव येथे अभ्यासाने कौशल्यात रूपांतरित होते.

भारतीय वाचकाला या ठिकाणी महाभारत आठवणे स्वाभाविक आहे. मात्र ही आठवण सभापर्वातील द्यूताशी थांबली तर तुलना उथळ राहील. अधिक जवळचे साम्य वनपर्वातील नलोपाख्यानाशी आहे. द्यूतात सर्वस्व गमावलेल्या नलाला ऋतुपर्ण राजा अक्षहृदय देतो, त्याच्या बदल्यात नल त्याला अश्वहृदय देतो. अक्षहृदय म्हणजे फाशांच्या अंतरंगाचे ज्ञान. ते लाभल्यावर नल पुन्हा द्यूत खेळतो आणि राज्य परत मिळवतो. ही कथा बृहदश्व मुनी युधिष्ठिराला सांगतात आणि शेवटी अक्षहृदय त्यालाही देतात. तात्पर्य, दैवाने झालेल्या पराभवावर दैवाच्याच साधनाचे ज्ञान हा उतारा आहे, ही कल्पना दोन्हीकडे समान आहे. भेद आहे तो ज्ञान मिळण्याच्या रीतीत. नलाला ते देवघेवीतून, एका मोजणीच्या प्रसंगानंतर क्षणात मिळते. ‘कपहेड’च्या खेळाडूला त्याच घरावर वीस वेळा मरून मिळते. त्याचा गुरू त्याचा मृत्यू आहे.

सभापर्वाशी होणारी तुलना दुसऱ्याच कारणासाठी उपयुक्त आहे. युधिष्ठिर भावांना पणाला लावतो, मग स्वतःला आणि त्यानंतर द्रौपदीला. स्वतःला हरलेल्याला दुसऱ्यास पणाला लावण्याचा अधिकार उरतो काय, हा द्रौपदीचा प्रश्न सभेला निरुत्तर करतो. कपहेडही मगमनचा आत्मा मगमनला न विचारता लावतो. मगमन घाबरतो, रोखू पाहतो, पण हा प्रश्न विचारत नाही. खेळही तो कोणाला विचारू देत नाही. ज्यांची करारपत्रे हिसकावली जातात त्या ऋणकोंनाही बोलण्याची संधी टोमण्यांपुरतीच आहे. त्यांनी आत्मा का विकला, काय घेतले, हे बहुतेकांच्या बाबतीत कळतच नाही. वसुली करणाऱ्याला ते कळण्याची गरज नसते.

५

‘कपहेड’चे नाव सर्वतोमुखी झाले ते त्याच्या चित्रांमुळे. हातांनी कागदावर पेन्सिलीने काढलेली आणि शाईने गिरवलेली सेकंदाला चोवीस चित्रे, जलरंगातील पार्श्वभूमी आणि जुन्या चित्रफितीवरचे ओरखडे यांमुळे १९३०च्या दशकातील अमेरिकी व्यंगपट जिवंत होऊन हातात आल्यासारखा भासतो. निर्मात्यांचा मुख्य आदर्श न्यूयॉर्कमधील मॅक्स आणि डेव्ह फ्लायशर या बंधूंचा स्टुडिओ होय. खेळातील बेटांना ‘इंकवेल’ हे नाव आहे. फ्लायशरांच्या ‘आउट ऑफ द इंकवेल’ या मूकपटमालिकेला ती उघड दाद आहे. कपहेडच्या आकृतीचे बीज मात्र १९३६च्या एका जपानी प्रचारपटात आहे. त्यात पेल्याच्या डोक्याचा एक माणूस रणगाड्यात रूपांतरित होतो. युद्धाच्या उंबरठ्यावरील जपानी चित्र, अमेरिकी शैली आणि कॅनडातील हात अशी ही प्रतिमेची यात्रा स्वतंत्र अभ्यासाचा विषय होऊ शकेल.

फ्लायशर स्टुडिओने आणखी एकाकडून घेतले. हार्लेममधील कॉटन क्लबच्या वाद्यवृंदाचा नायक कॅब कॅलोवे याचा आवाज आणि त्याचे नृत्य ‘मिनी द मूचर’ (१९३२), ‘स्नो-व्हाइट’ (१९३३) आणि ‘दि ओल्ड मॅन ऑफ द माउंटन’ (१९३३) या तीन व्यंगपटांत आहे. मॅक्स फ्लायशर यांनी शोधलेल्या रोटोस्कोप यंत्राने कॅलोवेची चित्रित हालचाल चौकटीचौकटीने गिरवून घेतली गेली आणि ती वॉलरसच्या भुताला, विदूषकातून झालेल्या पिशाचाला, डोंगरावरच्या दुष्ट म्हाताऱ्याला देण्यात आली. कॉटन क्लबमध्ये कलावंत कृष्णवर्णीय आणि प्रेक्षक गोरे अशी विभागणी होती; पडद्यावर ती वेगळ्या रीतीने कायम राहिली. शरीराची लय घेतली, शरीर भूत करून टाकले. काय्वांचा तिसरा वर्ग, सोंग, येथे लागू पडतो आणि मराठीत या शब्दाला जी दुहेरी धार आहे ती येथे सार्थ होते: धारण केलेले रूप, आणि ढोंग.

निकोलस सॅमंड यांनी ‘बर्थ ऑफ अ‍ॅन इंडस्ट्री’ (२०१५) या ग्रंथात याहून मूलगामी मांडणी केली आहे. त्यांच्या मते अमेरिकी व्यंगपटातील पांढरे हातमोजे, वटारलेले डोळे, रुंद तोंड ही चिन्हे काळा रंग फासून कृष्णवर्णीयांची टिंगल करणाऱ्या मिन्स्ट्रेल रंगभूमीचे अवशेष आहेत. ही मांडणी स्वीकारली तर ‘कपहेड’मधील सर्वांत निरागस वस्तू सर्वांत बोलकी ठरते. नायकाचे शस्त्र म्हणजे त्याचे हातमोज्यातील बोट. पांढऱ्या हातमोज्यातून गोळी सुटते आणि तिचा इतिहास गोळीबरोबर सुटत नाही. युसेफ कोल यांनी नोव्हेंबर २०१७ मधील आपल्या लेखात हा प्रश्न थेट किंग डाइसपाशी नेला. बारीक मिशी, घरंगळती चाल, गाण्यातून दिलेली धमकी या साऱ्यांत कॅलोवे ओळखू येतो. फासे खेळणारा, लबाड, सैतानाचा हस्तक हा साचा त्या काळात कृष्णवर्णीयांवर लादला जात होता, आणि पेल्याच्या डोक्याच्या निष्पाप भावांसमोर तोच खलनायक म्हणून उभा आहे. निर्मात्यांच्या बाजूने जे स्पष्टीकरण पुढे आले, त्याचा आशय असा की त्या काळाकडून दृश्यशैली तेवढी घेतली आहे, इतर गोष्टींशी संबंध नाही.

हे स्पष्टीकरण अप्रामाणिक नसावे. ते अपुरे आहे. फ्रेडरिक जेमसन यांनी पॅस्टीशची व्याख्या, जिच्यामागे काही सांगण्याचा हेतू उरलेला नाही असे अनुकरण, अशी केली होती. ‘कपहेड’ तिच्यात जवळजवळ बसतो. जवळजवळ अशासाठी की मूळ शैलीतील उघड वांशिक व्यंगचित्रे निर्मात्यांनी वगळली आहेत. वगळण्यासाठी ती आधी पाहावी लागतात. ज्याने पुसले त्याला काय पुसले ते ठाऊक असते. आणि सारेच पुसले गेलेले नाही: फेटा, पिरॅमिड आणि खजिन्याची पेटी एकाच ठिकाणी आणणारा जिमी द ग्रेट हा जिन्न पौर्वात्यवादाचा जुना बाड-बिस्तरा जसाच्या तसा घेऊन येतो. या लढतीकडे कोणी फारसे बोट दाखवले नाही, कदाचित असे जिन्न पाहण्याची सवय झाल्यामुळे.

मुख्य आक्षेप मात्र एखाद्या पात्रापुरता नाही. ‘कपहेड’ खेळाडूकडून स्मरणाची अत्यंत कठोर अपेक्षा करतो. कोणत्या रूपानंतर कोणते रूप, डोळा मिटला की कोणता आघात, कोणता गुलाबी आणि कोणता नाही, हे विसरणाऱ्याला तो एका क्षणाची क्षमा करत नाही. स्वतःच्या बाबतीत मात्र तोच खेळ विस्मरणाची मुभा घेतो. कथेत प्रत्येक ऋणाचा कागद जपून ठेवलेला आहे. चित्रात एका धनकोचे नाव नकाशावर आहे आणि दुसऱ्याचा चेहरा फाशाखाली झाकलेला आहे.

६

येथवरचे विवेचन पाहता निवाडा सरळ वाटेल. तो तसा नाही, आणि त्याचे कारण संगीत आहे. टोरांटोचे तालवादक क्रिस्टोफर मॅडिगन यांनी रचलेले सुमारे तीन तासांचे संगीत रॅगटाइम आणि बिग बँड जॅझच्या बांधणीचे असून ते खऱ्या वादकांकडून वाजवून घेतलेले आहे. परंतु जॅझ पार्श्वसंगीतापुरता थांबत नाही. प्रत्येक प्रतिस्पर्ध्याच्या आघातांचा संच ठरलेला असतो, त्यांचा क्रम मात्र दर खेपेस बदलतो. म्हणून लढत पाठ करता येत नाही. तिचे व्याकरण तेवढे आत्मसात करता येते. खेळाडूला ठरलेल्या वाक्खंडांना त्या क्षणी सुचलेले उत्तर द्यावे लागते. मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) मध्ये संवाद, विरोध आणि समतोल ही लयीची तत्त्वे सांगितली. ‘कपहेड’मध्ये टाळायच्या शंभर वस्तूंत एखादीच गुलाबी वस्तू अशी असते की तिच्यापासून पळायचे नसते, तिला भिडायचे असते, त्या एका स्पर्शाने विरोधाची लय क्षणभर संवादात बदलते. चांगला खेळाडू खेळताना पाहिला तर तो लढत आहे यापेक्षा साथ करत आहे असे वाटते.

याचा अर्थ असा की ज्या परंपरेचे ऋण चित्रांत लपवले गेले, ते खेळाच्या रचनेत अधिक खोल मुरले आहे. आवाहन आणि प्रतिसाद, ठरीव चौकटीतील उत्स्फूर्तता हे कृष्णवर्णीय अमेरिकी संगीताचे प्राणतत्त्व. ते येथे खेळाडूच्या बोटांत उतरते. दुष्करता नसती तर ते उतरले नसते, कारण सोप्या लढतीत ऐकण्याची गरजच पडत नाही. ‘कपहेड’च्या काठिण्याचे खरे समर्थन, असलेच तर, येथे आहे. नाण्याच्या यंत्राचा वारसा किंवा पात्र-अपात्रतेचा मिजास हे त्याचे समर्थन होऊ शकत नाही. हे समर्थन निर्मात्यांच्या मनात होते काय, हा प्रश्न गौण आहे. घेतले आहे ते घेतलेच आहे.

‘द डिलिशस लास्ट कोर्स’ (२०२२) या पुरवणीत मिस चॅलिस हे तिसरे पात्र खेळाडूला मिळाले. तिला एक प्राण अधिक, हवेत दुसरी उडी आणि आघातातून निसटण्याची लोळण आहे. पातळी न बदलता शरीर बदलून दिलेले हे साहाय्य आहे आणि दुष्करतेची धार न घालवता दार थोडे किलकिले करण्याचा तो शहाणा मार्ग म्हटला पाहिजे. किंग डाइसला मात्र या पुरवणीने स्पर्श केला नाही.

मूळ खेळाच्या अखेरीस सैतान भावांकडे करारपत्रे मागतो. पडद्यावर होकार आणि नकार असे दोनच शब्द असतात. होकार दिला तर भाऊ सैतानाचे सेवक होतात आणि गोष्ट तेथेच संपते. नकार दिला तर शेवटची लढत सुरू होते. ती जिंकल्यावर करारपत्रे नष्ट केली जातात आणि बेटांवरचे सगळे ऋणमुक्त होतात. कोणी काय घेतले होते आणि कोणाचे काय देणे होते, हे सांगणारा कागद त्यानंतर उरत नाही. मग ‘एक्स्पर्ट’ ही नवी, अधिक कठोर पातळी खुली होते. इंकवेलची बेटे पुन्हा नकाशावर येतात, तेच प्रतिस्पर्धी आपापल्या जागी उभे असतात, आणि जुगारखान्यात किंग डाइस पट मांडून बसलेला असतो.